नेव्हा ते व्होल्गा : अलेक्झांडर नेव्हस्कीच्या वाटेने

१२ सप्टेंबर, सेंट पीटर्सबर्ग

नेव्हस्की प्रॉस्पेक्ट हा या शहराचा सगळ्यात गजबजलेला रस्ता. आज सकाळी त्यावर एकही गाडी नव्हती. कझान कॅथेड्रलपासून अलेक्झांडर नेव्हस्की चौकापर्यंत, तीनेक किलोमीटर, नुसती माणसं. पुढे भरजरी झग्यातले बिशप आणि पाद्री, मग उंच काठ्यांवर धरलेले संतांच्या चित्रांचे झेंडे, आणि मागे डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, शाळकरी मुलं, लष्करी पोशाखातले तरुण. गाणं एका टोकाला सुरू व्हायचं आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तिकडे निराळंच भजन चाललेलं असायचं.

माझ्याबरोबर भाची आहे. ती पुण्यात रशियन शिकली, तिच्या भरवशावरच मी हा प्रवास आखला. कुणाला यायचं असेल तर सांगते: ई-व्हिसा मिळतो आणि अर्ज सोपा आहे, मात्र आपली व्हिसा किंवा मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्यायचे आणि तिथल्या बँकेत रुबल करून घ्यायचे.

ज्याच्यासाठी ही मिरवणूक, तो अलेक्झांडर यारोस्लाविच तेराव्या शतकातला राजा. जन्म १२२१ च्या सुमाराचा, मृत्यू १२६३ चा. विशीच्या आसपास त्याने नेव्हा नदीवर स्वीडिश फौजेला हरवलं, त्यावरून पुढे नेव्हस्की हे नाव पडलं. दोन वर्षांनी गोठलेल्या तळ्यावर जर्मन सरदारांना हरवलं. एवढं रशियातलं कुठलंही शाळकरी पोर सांगतं. मी आले ते त्यानंतरच्या एकवीस वर्षांसाठी. त्या वर्षांत तो मंगोलांपुढे वाकला, पुन्हा पुन्हा त्यांच्या दरबारी गेला, आपल्याच लोकांवर त्यांचा कर लादला, आणि तरीही लोकांनी त्याला संत मानलं. हे कसं झालं, ते मला त्या त्या गावात उभं राहून समजून घ्यायचं होतं.

मिरवणुकीचा हा दिवस ठरवला पीटर द ग्रेटने. नेव्हस्कीच्या अस्थी साडेचारशे वर्षं व्लादिमीर शहरात होत्या. पीटरने १७२१ मध्ये स्वीडनशी तह करून नेव्हाचा काठ कायमचा मिळवला आणि त्या तहाच्या तारखेलाच, जुन्या पंचांगाने ३० ऑगस्ट १७२४ रोजी, अस्थी आपल्या नव्या राजधानीत आणवल्या. नव्या पंचांगाने ती तारीख १२ सप्टेंबर. त्याच वर्षी धर्मसभेने फर्मान काढलं, की यापुढे या संताचं चित्र साधूच्या वेशात काढायचं नाही, राजाच्या वेशातच काढायचं. मरण्यापूर्वी नेव्हस्कीने संन्यास घेतला होता आणि जुन्या चित्रांत तो काळ्या कफनीतच दिसतो. पीटरला स्वीडनवर जय मिळवणारा पूर्वज हवा होता. आज चौकात घोड्यावर बसलेला जो पुतळा आहे, त्याची वंशावळ त्या फर्मानापर्यंत जाते. मला मात्र या प्रवासात कफनीतला माणूस शोधायचा होता.

चौकाच्या पलीकडे अलेक्झांडर नेव्हस्की लाव्रा, म्हणजे पीटरने १७१० मध्ये स्थापन केलेला मोठा मठ. आतलं ट्रिनिटी कॅथेड्रल इव्हान स्तारोव्हने बांधलं, १७९० मध्ये पुरं झालं. आम्ही ओढण्या डोक्यावर घेतल्या आणि रांगेत उभ्या राहिलो. रांग हळू सरकते, कारण प्रत्येक जण अस्थिपेटीपुढे वाकतो, ओठ टेकवतो आणि आपलं मागणं पुटपुटतो. माझ्यापुढच्या बाईंनी कागदावर नावं लिहून आणली होती, घरातल्या सगळ्यांची.

पीटरच्या मुलीने, महाराणी एलिझाबेथने, या अस्थींसाठी अल्ताईच्या खाणीतली जवळजवळ दीड टन चांदी वापरून भव्य समाधी घडवून घेतली होती. १९२२ मध्ये बोल्शेव्हिकांनी पेटी उघडली, चांदी हर्मिटाज संग्रहालयात गेली आणि अस्थी पुढे ‘धर्म आणि नास्तिकता’ यांच्या संग्रहालयात पडून राहिल्या. ते संग्रहालय होतं कझान कॅथेड्रलमध्ये. अस्थी लाव्रात परतल्या ३ जून १९८९ रोजी. चांदीची समाधी परत देण्याचं २०२३ मध्ये ठरलं. सकाळी माणसं जिथून निघाली आणि जिथे पोहोचली, त्याच दोन टोकांमधून त्या अस्थीही परत आल्या होत्या. भाचीने हे लक्षात आणून दिलं तेव्हा आम्ही दोघी अंगणातल्या बाकावर गरम सामोसे खावेत तसे कोबीचे पिरोझोक खात बसलो होतो.

शेजारच्या तिख्विन दफनभूमीत दस्तयेव्हस्की आणि चायकोव्स्की आहेत. तिथेही जाऊन आलो.

१३ सप्टेंबर, उस्त-इझोरा

मेट्रोने शहराच्या दक्षिण टोकाला आणि पुढे बसने. इझोरा ही छोटी नदी इथे नेव्हाला मिळते. संगमाच्या टेकाडावर नेव्हस्कीच्या नावाचं विटांचं चर्च आणि त्याचा पुतळा. नेव्हाचं पात्र इथे इतकं रुंद आणि पाणी इतकं वेगाचं की बोटींनी आलेल्या सैन्याने थांबायला हीच आडोशाची जागा का निवडली, ते पाहताक्षणी कळतं.

१५ जुलै १२४०. स्वीडिश जहाजं आल्याची खबर दिली पेल्गुसी नावाच्या इझोरा जमातीच्या मुखियाने. नेव्हस्कीच्या चरित्रात, जे त्याच्या मृत्यूनंतर काही दशकांतच लिहिलं गेलं, एक सुंदर प्रसंग आहे. पेल्गुसी रात्रभर काठावर पहारा देत असतो. पहाटे त्याला एक नाव येताना दिसते. मध्ये तांबड्या वस्त्रांत बोरिस आणि ग्लेब उभे, हे दोघे भाऊ नेव्हस्कीच्याच कुळातले, खून झालेले, रशियाचे पहिले संत. आणि वल्हेकरी जणू धुकं पांघरून बसलेले. बोरिस म्हणतो, चल भावा, आपल्या नातलगाच्या मदतीला जाऊ. मी त्या काठावर उभी राहून हा प्रसंग भाचीकडून मूळ भाषेत वाचून घेतला.

बापाच्या फौजेची वाट न पाहता अलेक्झांडर हाती होती तेवढी माणसं घेऊन आला. चरित्रात सहा वीरांची नावं आहेत. गाव्रिलो ओलेक्सिचने फळीवरून घोडा थेट जहाजावर घातला आणि घोड्यासकट पाण्यात पडून पुन्हा वर आला. सावाने सेनापतीच्या सोनेरी कळसाच्या तंबूचा खांबच तोडला. इतिहासकार या लढाईकडे जरा सावधपणे पाहतात. स्वीडनच्या बखरींत तिचा उल्लेख नाही, आणि नोव्हगोरोदची बखर आपल्या बाजूचे वीसच माणसं पडल्याचं सांगते. लढाई लहान असेल. पण बाल्टिककडे जाणारी व्यापाराची वाट याच पात्रातून जात होती आणि ती त्या दिवशी हातची गेली नाही.

१४ सप्टेंबर, वेलिकी नोव्हगोरोद

सकाळच्या लास्तोच्का गाडीने तीनेक तासांत नोव्हगोरोद. मला हे शहर बघताक्षणी आवडलं. वोल्खोव नदी, एका काठाला लाल विटांचा किल्ला, दुसऱ्या काठाला बाजारपेठेची जुनी बाजू आणि जिकडे पाहावं तिकडे बुटकी पांढरी चर्चं.

किल्ल्यातलं सेंट सोफिया कॅथेड्रल १०४५ ते १०५० मध्ये उभं राहिलं. नेव्हावर जाण्यापूर्वी अलेक्झांडर इथे गुडघे टेकून रडला, असं चरित्र सांगतं, आणि बाहेर येऊन आपल्या लोकांना म्हणाला, देव बळात नसतो, सत्यात असतो. आत अंधार, मेणाचा वास, भिंतींवर अकराव्या शतकातल्या काही रेघा. कुठलाही देखावा नाही. मी बराच वेळ एका खांबाला टेकून उभी होते.

हे समजून घ्यायला हवं, की नोव्हगोरोदमध्ये राजा मालक नव्हता. व्यापारी, कारागीर, जमीनदार यांची ‘वेचे’ नावाची सभा भरायची आणि ती राजाला बोलवायची, पटलं नाही तर घालवून द्यायची. नेव्हा जिंकून परतलेल्या अलेक्झांडरशी त्याच हिवाळ्यात त्यांचं बिनसलं आणि तो आई, बायको, सगळा लवाजमा घेऊन माहेरगावी, म्हणजे बापाच्या पेरेस्लाव्हलला निघून गेला. इकडे जर्मन सरदार शहरापासून तीस व्हर्स्टवर (व्हर्स्ट म्हणजे किलोमीटरहून किंचित जास्त) येऊन व्यापाऱ्यांना लुटू लागले. नोव्हगोरोदने माणूस मागितला, बापाने धाकटा आंद्रेई दिला. लोकांनी नको म्हणून सांगितलं आणि आर्चबिशपला पाठवून अलेक्झांडरलाच परत आणलं. वीस-एकवीस वर्षांच्या पोराला हे सगळं कळून त्याने राग गिळला, हे मला लढाईपेक्षा मोठं वाटतं.

संग्रहालयात बर्चच्या सालीवर कोरलेली पत्रं आहेत. पहिलं सापडलं जुलै १९५१ मध्ये. आता संख्या अकराशेच्या वर आहे. उसनवारी, लग्नाच्या बोलण्या, नवऱ्याला पाठवलेले निरोप, सगळं. त्यांत ओन्फिम नावाच्या एका लहान मुलाची गिरवणी आहे, तेराव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे बरोबर नेव्हस्कीच्या काळातली. अक्षरं गिरवता गिरवता कंटाळून त्याने घोड्यावरचा वीर काढलाय, भाल्याने शत्रूला भोसकणारा, आणि शेजारी स्वतःचं नाव लिहिलंय. त्या शहरातली मुलं तेव्हा काय खेळत होती हे त्या एका चित्रात आहे.

जेवणाचं: आम्ही दोघीही शाकाहारी. ‘पोस्तनोये’ म्हणजे उपवासाचं मागितलं की मांसच काय, दूध-अंडंही नसलेले पदार्थ मिळतात. बकव्हीटची लापशी, अळंबीचं सार, बटाट्याचे वरेनिकी. मध घातलेलं गरम स्बितेन जरूर प्यावं.

१५ सप्टेंबर, नोव्हगोरोद : गोरोदिश्चे

शहराच्या दक्षिणेला दोनेक किलोमीटरवर, इल्मेन तळ्यातून वोल्खोव बाहेर पडते तिथे एक उंचवटा आहे. याला रुरिकोवो गोरोदिश्चे म्हणतात. राजाचा वाडा इथे होता, शहराबाहेर. आज तिथे एका जुन्या चर्चचे भग्न अवशेष, गवत आणि अफाट पाणी. अलेक्झांडरचं बरंचसं तरुणपण इथे गेलं. नोव्हगोरोद परिसरात त्याच्या शिशाच्या मुद्रा सापडल्या आहेत, एका बाजूला घोडेस्वार, दुसऱ्या बाजूला संत थिओडोर, बापाच्या बाप्तिस्म्याच्या नावाचा.

जवळच नेरेदित्साचं चर्च, ११९८ चं. त्याच्या भिंतीवर अलेक्झांडरच्या बापाचं, यारोस्लावचं चित्र होतं, हातात चर्चची छोटी प्रतिकृती धरलेलं. १९४१ च्या तोफांच्या माऱ्यात चर्च ढासळलं आणि चित्र गेलं. इमारत पुन्हा उभी केली आहे, चित्राचे फोटो आणि नकला उरल्या आहेत.

या उंचवट्यावर येण्याचं माझं खरं कारण १२५७ आणि १२५९ ही वर्षं. त्याच्या आधीचं थोडं सांगते. १२३७-३८ च्या हिवाळ्यात बातू खानाच्या मंगोल सैन्याने रियाझान, व्लादिमीर, एकेक शहर जाळत नेलं. वसंतात ते नोव्हगोरोदपासून शंभर व्हर्स्टवर आले आणि परतले. शहर वाचलं. म्हणूनच सोफिया कॅथेड्रल आहे, सालीवरची पत्रं आहेत, ओन्फिमची चित्रं आहेत. पण वीस वर्षांनी मंगोल पुन्हा आले, यावेळी शिरगणती करायला. घरं मोजायची आणि त्याप्रमाणे कर. कधीच जिंकलं न गेलेलं शहर खवळलं. अलेक्झांडरचा स्वतःचा मुलगा वासिली, जो तेव्हा नोव्हगोरोदचा राजा होता, लोकांच्या बाजूने गेला आणि प्स्कोव्हला पळाला.

बापाने मुलाला तिथून हाकललं. मुलाला भरीला घालणाऱ्यांची कुणाची नाकं कापली, कुणाचे डोळे काढले. हे शत्रूने लिहिलेलं नाही, नोव्हगोरोदच्याच बखरीत आहे. दोन वर्षांनी शिरगणतीदार परत आले तेव्हा गरीब लोक ‘सेंट सोफियासाठी मरू’ म्हणत कॅथेड्रलपाशी जमले. तेव्हा अलेक्झांडर याच उंचवट्यावरून निघाला, मंगोल अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन. शेवटी शहर नमलं आणि परके घोडेस्वार गल्लोगल्ली फिरून घरं लिहून घेऊ लागले.

भाची म्हणाली, “मावशी, ह्यानंतरही संत?”

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे तेव्हा नव्हतं. ती नाकं, ते डोळे कुठल्याही हिशोबाने पुसले जात नाहीत, आणि मिरवणुकीतल्या कुठल्याही झेंड्यावर ते नाहीत. पण त्याचं दुसरं टोकही तिथेच दिसत होतं. नदीपलीकडे सोफियाचा सोनेरी घुमट होता. न नमणाऱ्या गावांचं मंगोल काय करत हे अलेक्झांडरने व्लादिमीरच्या राखेत पाहिलं होतं.

१६ सप्टेंबर, प्स्कोव्ह

दिवसभर पाऊस. वेलिकाया आणि प्स्कोवा नद्यांच्या संगमावरचा क्रोम नावाचा किल्ला, आत उंच पांढरं ट्रिनिटी कॅथेड्रल. १२४० मध्ये इथल्या त्वेर्दिलो नावाच्या नगरप्रमुखाने जर्मनांना आत घेतलं. १२४२ मध्ये अलेक्झांडरने शहर सोडवलं.

शहराबाहेर सोकोलिखा टेकडीवर १९९३ मध्ये उभारलेलं कांस्य स्मारक आहे, सुमारे तीस मीटर उंच. अलेक्झांडर घोड्यावर, मागे शिपाई आणि साधे शेतकरी खांद्याला खांदा लावून. पावसात ते काळंभोर दिसत होतं. एका नवविवाहित जोडप्याने छत्रीखाली येऊन फुलं ठेवली आणि पळत गाडीत जाऊन बसलं.

१७ सप्टेंबर, चुद तळं

नकाशावर हे पेइपस म्हणूनही सापडेल. एस्टोनियाची हद्द तळ्याच्या मधून जाते, म्हणून वाटाड्याला सीमाभागाचे नियम आधी विचारून घेतले आणि त्याच्याच गाडीने गेलो. साडेतीन हजार चौरस किलोमीटरचं पाणी, समुद्रच म्हणायचा. दक्षिणेला ते अरुंद होतं, त्या भागाला तेप्लोये, म्हणजे उबदार तळं म्हणतात. ५ एप्रिल १२४२ ची लढाई याच बाजूला, ‘कावळ्याच्या खडका’जवळ झाली, असं बखरी सांगतात. १९५८ ते १९६२ या काळात सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या मोहिमेने गोताखोरांसकट तळ धुंडाळला आणि एका जागेकडे बोट दाखवलं. वाद अजून मिटलेला नाही. समोल्वा गावात छोटं संग्रहालय आहे, आणि किनाऱ्यावर २०२१ मध्ये बसवलेला नेव्हस्की आणि त्याच्या सैनिकांचा कांस्य समूह.

लढाईबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिलंय. नोव्हगोरोदची बखर म्हणते चारशे जर्मन मेले, पन्नास पकडले. लिव्होनियाची पद्यबखर म्हणते वीस सरदार मेले, सहा पकडले. हे आकडे वाटतात तितके विसंगत नाहीत, कारण जर्मन बखर फक्त पदवीधारी सरदार मोजते, त्यांच्याबरोबरचे शिपाई मोजत नाही.

बर्फ फुटून लोखंडी चिलखतातले सरदार बुडाले, हे दृश्य मात्र जगभर पसरलं ते १९३८ च्या एका सोव्हिएत चित्रपटामुळे. नोव्हगोरोदच्या जुन्या बखरीत तसं काही नाही. पराभूतांचा गोठलेल्या तळ्यावरून सात व्हर्स्ट पाठलाग केला, एवढंच आहे. बर्फ फुटला होता तो आठ वर्षं आधी, १२३४ मध्ये, एस्टोनियातल्या एमायोगी नदीवर, आणि ती लढाई जिंकली होती अलेक्झांडरच्या बापाने, यारोस्लावने. म्हणजे बापाचा बर्फ मुलाच्या खात्यावर गेला. वाटाड्या गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांनी हे स्वतःहून सांगितलं आणि त्यांना त्याचं जराही वाईट वाटत नव्हतं. “त्या बर्फाची आम्हाला गरजच नाही,” ते म्हणाले, “प्स्कोव्ह सुटलं, बस झालं.”

गावात बायका दारात मासे वाळत घालून विकत होत्या. स्नेतोक नावाची बोटभर मासळी, इथली जुनी ओळख. वास अगदी आपल्या कोकणातल्या वाळवणाचा.

१८ सप्टेंबर

प्स्कोव्हहून रात्रीच्या गाडीने मॉस्को. स्टेशन बदललं, न्हायलो, जेवलो, झोपलो.

१९ सप्टेंबर, पेरेस्लाव्हल-झालेस्की

मॉस्कोपासून बसने १४० किलोमीटर. अलेक्झांडरचा जन्म इथला. गावाच्या मध्यात मातीचा गोल तट अजून उभा आहे, त्यावरून चालत फेरी मारता येते. आत ट्रान्स्फिगरेशन कॅथेड्रल, पांढऱ्या चुनखडीचं, एकाच घुमटाचं, ठेंगणं आणि घट्ट. ११५२ मध्ये अलेक्झांडरच्या पणजोबाने, युरी दोल्गोरुकीने ते सुरू केलं. भिंतीला हात लावला तर दगड ऊन धरून होता.

राजघराण्यातल्या मुलांचा तेव्हा तीन-चार वर्षांचा असताना केस कापण्याचा विधी व्हायचा आणि मग त्याला प्रथमच घोड्यावर बसवायचे. अलेक्झांडरचा तो विधी याच चर्चमध्ये झाल्याचं परंपरा सांगते. बिशप केस कापतोय, मूल रडतंय, आणि बाहेर घोडा तयार आहे, हे डोळ्यांपुढे यायला मराठी माणसाला काहीच कष्ट पडत नाहीत.

शेजारी प्लेश्चेयेवो तळं. तरुण पीटरने १६८८ पासून याच तळ्यावर जहाजं बांधायचा खेळ मांडला होता. त्यातली एक नाव संग्रहालयात ठेवली आहे. नेव्हस्कीच्या जन्मगावाशी पीटरची ओळख अशी अगदी कोवळ्या वयातली.

२० सप्टेंबर, व्लादिमीर

गाडी करून युरेव्ह-पोल्स्कीमार्गे आलो. तिथलं सेंट जॉर्ज कॅथेड्रल अलेक्झांडरच्या काकाने १२३०-३४ मध्ये बांधलं आणि वरपासून खालपर्यंत नक्षीने मढवलं. पंधराव्या शतकात ते कोसळलं आणि पुन्हा रचताना दगड इकडचे तिकडे झाले; सिंहाच्या शेजारी संताचं अर्धं डोकं, असं. तासभर थांबावं असं ठिकाण.

व्लादिमीरच्या टेकाडावर डॉर्मिशन कॅथेड्रल आहे. चित्रकार रुब्लियोव्हची १४०८ ची भित्तिचित्रं पाहायला लोक येतात, आम्हीही पाहिली. पण फेब्रुवारी १२३८ मध्ये याच कॅथेड्रलमध्ये अलेक्झांडरच्या थोरल्या काकाची बायको, मुलंबाळं, सुना आणि बिशप कोंडून घेऊन बसले होते. मंगोलांनी लाकडं रचून आग लावली. सगळे गेले. अलेक्झांडर तेव्हा सतरा वर्षांचा होता. काका पुढच्याच महिन्यात लढाईत मेला आणि व्लादिमीरची गादी अलेक्झांडरच्या बापाकडे आली. बाप १२४६ मध्ये खानाच्या बोलावण्यावरून काराकोरमला गेला आणि तिथेच मेला. खानाच्या आईने विष घातल्याचं पोपच्या दूताने लिहून ठेवलंय.

आणि पुढच्या वर्षी अलेक्झांडरलाही त्याच वाटेने जावं लागलं. आधी व्होल्गाच्या खालच्या काठावर बातूकडे, मग भावाबरोबर थेट मंगोलियात काराकोरमला. परतायला १२४९ उजाडलं. त्याच काळात पोप इनोसंट चौथा याची पत्रं आली, रोमच्या बाजूला या, असं सुचवणारी. त्याने नकार दिला. भाऊ आंद्रेईने १२५२ मध्ये मंगोलांशी वाकडं घेतलं. मंगोल फौज आली, आंद्रेई पळाला, प्रांत लुटला गेला, आणि व्लादिमीरची गादी अलेक्झांडरला मिळाली. भावाविरुद्ध त्याने खानाचे कान भरले, असं मानणारे इतिहासकार आहेत, तसं न मानणारेही आहेत.

कॅथेड्रलपासून चालत नेटिव्हिटी मठ. १२६३ पासून पीटरच्या हुकमापर्यंत अस्थी इथे होत्या. मूळ चर्च १९३० मध्ये पाडलं, आताचं नव्याने बांधलेलं आहे. १५४७ मध्ये मॉस्कोच्या धर्मसभेने अलेक्झांडरला सगळ्या रशियासाठी संत घोषित केलं, पण व्लादिमीरमध्ये त्याची पूजा त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. दफनाच्या वेळी पाद्री त्याच्या हातात पापमुक्तीचं पत्र ठेवायला गेला तेव्हा मृताने स्वतःच हात पुढे करून ते घेतलं, ही कथा इथलीच. आत एका छोट्या नव्या चित्रात तो काळ्या कफनीत दिसला, अलेक्सी या संन्यासी नावाने. घोडा नाही, तलवार नाही, जोडलेले हात. भाचीने त्याच्यापुढे मेणबत्ती लावली.

२१ सप्टेंबर, गोरोदेत्स

व्लादिमीरहून रेल्वेने निझ्नी नोव्हगोरोद, तिथून बसने व्होल्गाच्या डाव्या काठावरचं गोरोदेत्स. लाकडी घरं, खिडक्यांवर कोरीव चौकटी, रंगीत घोडे काढलेल्या पाट्या आणि नक्षीचे प्र्यानिक, म्हणजे मसाल्याच्या गोड वड्या. जुन्या मातीच्या तटावर पाइनची झाडं वाढली आहेत. वरून व्होल्गा दिसते. नेव्हस्कीनंतर दोनशे वर्षांनी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी त्वेरहून याच पात्राने खाली गेला आणि पुढे चौल आणि जुन्नरला पोहोचला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, हे भाचीने मठातल्या एका बाईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या.

१२६२ मध्ये व्लादिमीर, रोस्तोव्ह, सुझदालच्या लोकांनी मंगोलांच्या कराच्या ठेकेदारांना मारहाण करून हाकलून दिलं. सूड येणार हे उघड होतं. शिवाय बर्के खानाला आपल्या लढायांसाठी रशियन माणसं हवी होती. चरित्रात लिहिलंय, की अलेक्झांडर लोकांना त्या संकटातून सोडवून मागायला खानाकडे गेला. खानाने त्याला हिवाळाभर ठेवून घेतलं. सूडाची फौज आली नाही. परतताना तो आजारी पडला, व्होल्गाकाठच्या या गावापर्यंत पोहोचला, संन्यास घेतला आणि १४ नोव्हेंबर १२६३ रोजी गेला. वय त्रेचाळिसाच्या आत. व्लादिमीरला खबर पोहोचली तेव्हा महानगर बिशप किरील लोकांना म्हणाला, सुझदालच्या भूमीचा सूर्य मावळला.

जिथे तो गेला असं मानतात, तिथला फ्योदोरोव्हस्की मठ सोव्हिएत काळात नाहीसा झाला होता, आता पुन्हा उभा राहिलाय. अंगणात सफरचंदाची झाडं, खाली पडलेली फळं वेचणाऱ्या दोन बायका. इथे भाचीला उत्तर दिलं. खानापुढे वाकलेले राजे त्या काळात पुष्कळ होते, त्यांना कुणी संत केलं नाही. हा लढू शकतो हे लोकांनी दोनदा पाहिलं होतं. म्हणून हा जेव्हा गुडघे टेकायला गेला, तेव्हा तो आपल्यासाठी गेला, हे त्यांना पटलं. नोव्हगोरोदच्या कापलेल्या नाकांना हे उत्तर नाही, आणि ते मी तिला सांगितलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही. तिचं म्हणणं असं, की खानाकडच्या शेवटच्या वारीचं पुण्य खरं, पण त्या गल्ल्यांमधल्या माणसांना कुणी विचारलं होतं का? बसमध्येही आमचं हेच चाललं होतं.

कुणाला एवढा सगळा फेरा जमत नसेल तर माझं मत असं: पीटर्सबर्गला बहुतेक जण जातातच, त्यांनी लाव्रा चुकवू नये. त्याला जोडून नोव्हगोरोदला दोन रात्री राहा आणि एक पूर्ण सकाळ गोरोदिश्चेला द्या. चुद तळ्याला स्वतःच्या गाडीशिवाय जाणं कठीण आहे. व्लादिमीर आणि गोरोदेत्स निझ्नीहून जोडून होतं. गोरोदेत्सला उतरल्या उतरल्या परतीच्या बसची वेळ विचारून ठेवा, आणि सप्टेंबरातही पावसाळी जाकीट आणि लोकरी मोजे बरोबर असू द्या.